रोज पंचवीस रोगी

मी एक बाक बोलतोय. आधी बसा. माझ्याशी उभ्या उभ्या बोलायची रीत नाही. डाव्या टोकाला बसू नका, तो पाय आखूड आहे, मधोमध बसा. जुनं लाकूड आहे, करकरेल, पण मोडणार नाही. मोडायचं असतं तर कधीच मोडलो असतो.

मी तळोद्याच्या रानातला साग. दिल्लीला दरबार भरला त्या साली मला तोडून बैलगाडीनं इकडं आणलं, म्हसावदच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात. गावाचं नाव सांगत नाही. आधीच त्याला पुष्कळ नावं ठेवून झाली आहेत. इथं सरकारी दवाखाना निघाला होता. दवाखान्याला पडवी आणि पडवीला बाक हवं, म्हणून सुतारानं मला घडवलं. सहा माणसं ऐसपैस, दहा दाटीवाटीनं. ‘रोग्यांनी येथे बसावे’ अशी पाटी माझ्या डोक्यावर ठोकली. ती वाचता येणारे गावात तिघेच होते आणि तिघेही ठणठणीत होते.

सगळं झालं. औषधाच्या बाटल्यासुद्धा आल्या. डॉक्टर तेवढा यायचा राहिला.

त्याचंही नवल नाही. दोंडाईच्याला आगगाडीतून उतरायचं, सारंगखेड्याला नावेनं तापी ओलांडायची, मग दीड दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि पोचल्यावर काय, तर हिवताप. पावसाळा सरला की घरटी एक माणूस गोधडीखाली कुडकुडत असायचं. अशा जागी कोण शहाणा येईल? जे आले ते कुणीतरी धाडले म्हणून आले.

पहिला डॉक्टर कोकणातला. त्याला मासळीवाचून जेवण जाईना. दुसरा पुण्याचा. तो रोज सकाळी माझ्या हातावर नखानं एक रेघ ओढायचा. बरेच दिवस मला वाटलं, हा रोगी मोजतोय. तो दिवस मोजत होता. एकशे ब्याण्णव रेघा झाल्या आणि त्याची बदली आली. तिसऱ्याची बायको बरोबर आली होती. तिनं न्हाणीत विंचू पाहिला आणि ज्या गाडीतून आली तिच्यातूनच परत गेली. नवरा मागोमाग पंधरा दिवसांनी गेला.

सरकारनंही काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. डॉक्टर टिकावा म्हणून आधी कौलारू घर बांधून दिलं. मग घोड्याचा भत्ता दिला. मग मच्छरदाणी आली. मग ‘दोन वर्षं काढा, पुढं हवं ते गाव देऊ’ असं वचन दिलं. एक डॉक्टर तर जाताना मच्छरदाणीच घेऊन गेला. माझ्यावर बसून औषधाच्या चिठ्ठ्या किती लिहिल्या गेल्या ते मला सांगता येणार नाही, पण बदलीचे अर्ज मात्र पुष्कळ लिहिले गेले. अर्ज लिहिणारा माणूस कसा बसतो ते मला नेमकं ठाऊक आहे. तो कडेवर बसतो, अर्धा.

शेवटी सरकार थकलं. मग अकरा वर्षं डॉक्टरच नव्हता. होता फक्त कंपाउंडर, उदेसिंग गिरासे. त्याच्याजवळ तीन बाटल्या असायच्या. लाल तापावर, पांढरी पोटावर, आणि तिसरी हुज्जत घालणाऱ्यासाठी. माणूस वाईट नव्हता. पण त्याला जमेना ते जमेना. गिरधर पाटलाची सोळा वर्षांची लेक त्याच वर्षांत तापानं गेली. तिला इथं माझ्यावरच निजवली होती. उदेसिंगनं लाल बाटली दिली, पाटील तिच्या पायांपाशी बसून राहिला, आणि दुपारपर्यंत ती गार झाली. त्या दिवसापासून गिरधर पाटील या पडवीत आला की माझ्यावर कधी बसला नाही. उभाच राहायचा.

मग गोऱ्या सरकारच्याच अमलात, निवडणूक होऊन आपली माणसं पहिल्यांदा मंत्री झाली. पुढल्याच साली नवी योजना आली. खेड्यात कायम राहील अशा डॉक्टरला सरकार दरमहा मदत देणार, औषधं देणार, आणि गावानं त्याला सांभाळायचं. तिच्यातून डॉक्टर भाईदास आला. अमळनेरकडचा, तिशीच्या आतला, उंच, काळासावळा. गाडीतून उतरला, सरळ येऊन माझ्या मधोमध बसला आणि म्हणाला, “पानी पाजा बरं कोनी तरी. घसा कोरडा पडी गया.”

पडवीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. डॉक्टर आणि अहिराणी! आजवरच्या डॉक्टरांशी बोलायचं तर उदेसिंगला मध्ये घ्यावं लागायचं. शोभाबाई नावाची म्हातारी होती, ती पाणी घेऊन आली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “आपलाच पोऱ्या शे रे हाऊ!”

त्याची बायको प्रमिलाबाई. तिनं आल्या आठवड्यातच माजघरात जातं रोवून घेतलं. जातं रोवलं म्हणजे माणूस राहणार, एवढं बाकालाही कळतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि डॉक्टरही नुसता पडवीत बसणारा नव्हता. आमच्या गावाला नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी येतं. ते पाटानं येतं आणि बारीनं मिळतं. आज वरल्या गल्लीच्या शेतांची बारी, उद्या खालल्या गल्लीच्या. बारी सांगणारा पाटकरी म्हणजे झिपरू. त्याचा शब्द म्हणजे शब्द. बारी नसताना सख्ख्या भावालाही तो ओंजळभर पाणी देणार नाही. भाईदास या झिपरूला घेऊन पाटापाटानं हिंडला. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एक दिवस पाट कोरडा ठेवायला लावला, डबकी बुजवली, विहिरीजवळच्या खड्ड्यांत घासलेट ओतलं, घरोघर उभं राहून हिवतापावरचं कडू कोयनेल गिळायला लावलं. लोकांनी तोंडं वाकडी केली, पण गिळलं. तिसऱ्या वर्षी ताप निम्म्याहून कमी झाला. सकाळी माझ्यावर सात-आठ माणसं, कधी पाच. जन्मात तेवढं एकच वर्ष मी निवांत होतो.

त्याच वर्षी वरच्या ऑफिसातले साहेब तपासणीला आले. बिचारे तेही थकलेलेच होते, गाडीनं अंग मोडून आलं होतं. रोग्यांचं रजिस्टर त्यांनी माझ्यावर बसून चाळलं.

“डॉक्टर, रोगी फार कमी आहेत. रोज पंचवीस तरी हवेत. पुढल्या तपासणीला भरले नाहीत तर ही जागा मोठ्या गावाला जाईल.”

“साहेब, रोगी कमी झाले ते काम झालं म्हणूनच ना?” भाईदास म्हणाला.

“ते मला दिसतंय हो. पण त्याला आमच्या कागदात रकाना नाही.”

चहाचा पेला घेऊन गिरधर पाटील दारात उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं. पेला त्याच्या हातातच राहिला.

आता पुढं जे झालं त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. पाटलानं डॉक्टरला काही न सांगता गाव गोळा केलं. पंचवीस रोगी पाहिजेत ना? मग देऊ पंचवीस. गावाला एकच शिस्त ठाऊक होती, पाण्याची. तीच लावली. सोमवारी वरल्या गल्लीनं आजारी पडायचं, मंगळवारी खालल्या गल्लीनं, बुधवारी पाटीलवाड्याकडच्यांनी. घरटी दोन माणसं. कुणी कोणतं दुखणं सांगायचं तेही झिपरूनं वाटून दिलं, म्हणजे डॉक्टरला संशय नको. आणि जो बारी चुकवेल त्याची पाण्याची बारी कापायची. मग काय विचारता! ऐन कापूस वेचणीतसुद्धा माणसं हातातलं काम टाकून आजारी पडायला येऊ लागली.

पहिले काही दिवस मला हसू यायचं. आजारी माणूस बसतो तेव्हा सगळं अंग माझ्यावर टाकतो. ही माणसं बसायची ती शेजारणीशी बोलायला वळून.

“तुले काय शे वं?” मंगलाबाई विचारायची.

“माले दाढदुखी,” शोभाबाई म्हणायची.

“दाढदुखी तं माले दियेल शे झिपरूनी. तुले कंबर शे.”

“कंबर व्हय? बरं झायं सांगं. मी तं आत जाईसन गालच धरनार व्हती!”

पण हसू फार दिवस टिकलं नाही. पंचवीसचे चाळीस झाले. आत डॉक्टर एकेकाची नाडी बघायचा, जीभ बघायचा, पोट चाचपायचा. उगाच म्हणून एकालाही परत पाठवायचा नाही. मिश्रण घेऊन माणसं बाहेर यायची आणि मागल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायची. आठ दिवसांनी तीच माणसं, तीच दुखणी. डॉक्टरनं औषध बदललं. मग मात्रा बदलली. मग जाडजूड पुस्तकं मागवली. पाटावर हिंडायला त्याला वेळ उरला नाही, आणि झिपरूलाही बारीचे रोगी हाकण्यातून सवड नव्हती, तेव्हा पाट कोरडा ठेवायचा वार कधी बंद पडला ते कुणाला कळलंच नाही.

एका दुपारी सगळे गेल्यावर भाईदास माझ्यावर येऊन बसला. प्रमिलाबाई दारात उभी होती. तो म्हणाला, “मन्हा हातलेच गुण नही शे वाटस. तीन महिना झायात, एक कंबर बरी व्हयनी नही.”

ती म्हणाली, “तुम्ही दोन घास खाई ल्या पहिले.”

तो उठला नाही. मला लाज वाटली. मला सगळं ठाऊक होतं आणि मी नुसता करकरत होतो.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. वरल्या गल्लीचा सोमवार. डोंगरातून चौघे जण बांबूला झोळी बांधून एका बाईला घेऊन आले. पुढं तिचा नवरा, आमशा. बाईचं नाव मोतीबाई. दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती आणि त्यातला एक दिवस वाटेतच गेला होता. सूर्य नुकता वर येत होता. माझ्यावर दहा जण दाटीनं बसले होते, बाकीचे पायऱ्यांवर. आमशानं झोळी कडुनिंबाखाली उतरवली आणि पडवीकडं आला. त्याची पावरी बोली इथं कुणाला धड येत नव्हती. तो “दागदर” म्हणाला, झोळीकडं बोट केलं आणि थांबला.

“थांब रे भो,” झिपरू म्हणाला. “आज वरली गल्लीनी बारी शे. मोठी यादी शे. व्हयनी की तुले बलावसू.”

झिपरू दुष्ट नव्हता. त्यानं जन्मभर हेच केलं होतं. बारीनं येतं ते न्यायानं येतं, असं त्याचं रक्तच त्याला सांगत असे. आणि डोंगरातली माणसं खालच्या माणसांना ढकलून पुढं जात नाहीत. आमशा परत गेला आणि झोळीपाशी उकिडवा बसला. बाई ओरडत नव्हती. ओरडली असती तर कुणीतरी उठलंही असतं. तिच्यात ओरडायचं बळ नव्हतं, आणि गप्प आहे म्हणजे बरी असेल असं पडवीला वाटलं.

आत कंबर गेली, दाढ गेली, चक्कर गेली, खोकला गेला. एकेक जण उठला की दुसरा सरकून बसायचा. मला त्या दिवशी पाय असूनही चालता येत नाही याचा असा संताप आला! उन्हं डोक्यावर आली. प्रमिलाबाई मागच्या दारानं धुणं वाळत घालायला निघाली आणि तिला झोळी दिसली. तिनं जवळ जाऊन पाहिलं, हातातलं धुणं तिथंच टाकलं आणि ओरडली, “अहो, बाहेर या! पहिले बाहेर या!”

भाईदास धावत आला. त्यानं आणि आमशानं मिळून तिला आत नेलं. दार लागलं. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, “ठोका शे. पोऱ्याना ठोका शे अजून!” पडवीतलं कुणी हललं नाही. मग आवाज आला नाही. मग उदेसिंग गरम पाणी घेऊन दोनदा आत गेला. उन्हं कलली तरी बारी संपलेले लोकसुद्धा घरी गेले नव्हते.

मोतीबाई वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. आमशानं त्याला फडक्यात घेतलं आणि डोंगराकडं तोंड करून बसला.

डॉक्टर बाहेर आला. हात धुतलेले, पण बाह्या अजून वर होत्या. त्यानं विचारलं, “हाई बाई कवय उनी?”

“सूर्य उगना तवय,” झिपरू म्हणाला.

“मंग माले का बरं सांगं नही?”

“बारी नव्हती तिन्ही.”

भाईदासला समजेना. “कसानी बारी?”

तो माझ्यावर, त्या लोकांच्या रांगेत बसला. शेजारच्या शोभाबाईला म्हणाला, “माय, तुन्ही कंबर दुखी ऱ्हायनी ना?” म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तेव्हा गिरधर पाटील पुढं झाला. पागोटं काढून हातात घेतलं.

“डॉक्टर, कोनलेच काही व्हयेल नही. तिन्हीबी कंबर चांगली शे. पंचवीस भरले नहीत तं तुम्हले लई जातीन म्हने. तुम्ही जावाले नको म्हणीसन आम्ही...” त्यानं हातातलं पागोटं माझ्या कडेवर ठेवलं. “मन्ही पोर आठेच गयी डॉक्टर. ह्याच बाकवर.”

भाईदास हळू म्हणाला, “तो पोऱ्या जित्ता व्हता पाटील. मी मन्हा काने ऐकं. सकायमाच तिले आत लयता तं तो वाचता.”

त्या रात्रीचं मला काही सांगायचं नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं रजिस्टर माझ्यावर आणून ठेवलं, उदेसिंगला शेजारी बसवलं आणि खोट्या नावांवर तांबड्या शाईनं रेघा मारायला लागला. तीन महिन्यांची पानं. खऱ्या आजाऱ्यांची नावं उरली ती रोज सात, आठ, एखाद्या दिवशी नऊ. गिरधर पाटील पायरीखाली उभा राहून हात जोडत होता. “ऱ्हाऊ द्या नावं. गाव तुम्हना पाय धरस. आता कोनी खोटं येणार नही, पन जुनी नावं ऱ्हाऊ द्या.”

“नावं ऱ्हायनीत तं मी ऱ्हासू, पाटील,” तो म्हणाला. “पन मंग रोज सकाये माले हाई बाक देखनं पडी.”

त्यानं रजिस्टर तसंच वर पाठवलं. त्यानं बरोबर केलं की चूक, मी अजून विचार करतो. खोटं लिहून राहिला असता तर पुढं कितीतरी जीव वाचले असते. पण मग तो भाईदास राहिला नसता. बाकाच्या अकलेला एवढंच कळतं की तो माझ्यावर शेवटपर्यंत मधोमध बसायचा. त्याच्या हातचा बदलीचा अर्ज मी कधी पाहिला नाही.

होळीच्या आधी कागद आला. जागा मोठ्या गावाला गेली, डॉक्टरही तिच्याबरोबर गेला. प्रमिलाबाईनं जातं काढलं तेव्हा सगळ्या बायका माजघरात होत्या. झिपरू गाडीच्या मागं पार नदीपर्यंत चालत गेला. उदेसिंगची पेन्शन झाली होती, तो नातवंडांकडं निघून गेला. दवाखान्याला कुलूप लागलं. पडवीला कुलूप लावता येत नाही, म्हणून मी राहिलो.

आता जे सांगतो त्यासाठीच तुम्हाला बसवून घेतलं.

आमशा डोंगरात परतला, तो बायकोला जिवंत घेऊन. मूल गेल्याचं त्यानं कुणाला कशा शब्दांत सांगितलं मला ठाऊक नाही. पण एवढं त्यानं पाड्यापाड्यावर सांगितलं, की खाली एक दागदर आहे, तो आपल्या माणसासाठी बसल्या जागेवरून उठून धावत येतो. डोंगरात बातमी पायानं चालते. ती पोचायला वेळ लागतो, पण पोचली की मरत नाही. भाईदासला जाऊन दोन महिने झाले आणि माणसं उतरू लागली. आधी जवळच्या पाड्यांवरची, मग पार नर्मदेकाठची, मणिबेलीकडची. तीन-तीन दिवस चालून. झोळीत म्हातारे, पाठीशी तान्ही पोरं, साप चावलेले, अस्वलानं फाडलेले, तापानं फणफणलेले. खरे रोगी. माझ्यावर बसतात तेव्हा सगळं अंग टाकतात.

आज तीन वर्षं झाली, ती जगभरची लढाईसुद्धा संपली, तरी ती येतातच. गावातलं कुणी आता माझ्यावर बसत नाही, जागा त्यांना सोडतात. गिरधर पाटील पाणी पाजतो, दाराच्या कुलपाकडं बोट करतो, डॉक्टर गेला असं सांगतो. काही जणांना पटतं. काही जणांना वाटतं, खालचा माणूस आपल्याला ताटकळत ठेवतोय, पण बारी येईल. एकदा पाटील अशा सगळ्यांची नावं कागदावर घेऊन शहाद्याला गेला. दिवसाला पंचवीसच्या वर होती. तिथं त्याला सांगितलं, डॉक्टरनं रजिस्टरात लिहिलेलीच नावं धरतात. डॉक्टर नाही तर रजिस्टर नाही. पाटील परत आला आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसला. फार जड बसला.

काल एकतीस जण होते. मी मोजले, दुसरं करायला आहे काय? एक बाई होती, पोट पुढं आलेलं, बरोबर कुणीच नाही. ती संध्याकाळपर्यंत बसली होती.

मला रंग नको, आखूड पायाखाली चिपाट नको, नवं घर नको. मी लाकूड आहे, मी टिकेन. तुम्ही चालती-बोलती माणसं आहात म्हणून तुमच्यापाशी मागतो. इथं एक डॉक्टर पाठवा. आणि ते होत नसेल, तर कुणीतरी वर डोंगरात जा, आणि पाड्यापाड्यावर जाऊन सांगा की भाईदास डॉक्टर इथं नाही. त्यांना चालत येऊ देऊ नका.